तुमचा विश्वास तुमच्यानंतर कुठे जाईल?

कोणी हे लोकलमध्ये उभ्याउभ्या ऐकत असेल, कोणी रात्री हेडफोन लावून, आणि कोणी इथे ब्लॉगवर वाचत असेल. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की जसं बोललो तसंच जवळजवळ इथे उतरवलं आहे.

आजचा विषय आहे वारसा. हा शब्द ऐकला की आपल्याला काय आठवतं? सातबारा. काकांशी चाललेली कोर्टकेस. आजोबांचं घर, आजीच्या पाटल्या. वारसा म्हणजे वय झालेल्या माणसांनी विचार करायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. पंचविशीत आपल्याला इंटरव्ह्यू, ईएमआय आणि घरच्यांनी आणलेली स्थळं एवढंच पुरेसं असतं.

पण जमिनीच्या वारशात आणि विश्वासाच्या वारशात एक मोठा फरक आहे. वडील गेले की तलाठ्याकडे अर्ज करायचा. वारसनोंद होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागतं. त्या मुलाने शेतात कधी पाय ठेवला नसला तरी नाव लागतं. विश्वासाचा फेरफार मात्र कुठल्याच कार्यालयात होत नाही. आडनाव मिळतं, बाप्तिस्म्याचा दाखला मिळतो, कबरस्तानात जागासुद्धा मिळते. विश्वास तसा मिळत नाही. देणाऱ्याने तो जिवंतपणी द्यावा लागतो आणि घेणाऱ्याने स्वतः घ्यावा लागतो.

पवित्र शास्त्रात याचं एक फार बोचरं उदाहरण आहे. यहोशवाने इस्राएल लोकांना देशात नेलं, कुळाकुळाला जमीन वाटून दिली. हद्दी ठरल्या, नावं लागली. मग यहोशवा गेला, त्याच्या बरोबरीची माणसं गेली. आणि शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात काय सांगितलंय? त्यांच्यामागून जी पिढी उभी राहिली तिला परमेश्वराची ओळख नव्हती, त्याने काय काय केलं होतं तेही ठाऊक नव्हतं. म्हणजे बघा, शेतं मिळाली, विहिरी मिळाल्या, द्राक्षमळे मिळाले. देव मिळाला नाही. आणि त्यासाठी किती काळ लागला? एक पिढी. फक्त एक.

गेल्या काही आठवड्यांत मला तीन मेसेज आले. तिघांचीही नावं मी सांगणार नाही, पण आजचा एपिसोड त्यांच्यामुळेच होतोय.

पहिला मेसेज एका मुलीचा. ती म्हणते, "दादा, आमच्या घरात विश्वास पणजोबांपासून आहे. पण मी इंग्लिश मीडियमची. मराठी गीतं मला वाचताच येत नाहीत धड. हे सगळं माझ्यापाशीच संपणार असं वाटतं."

दुसरा एका मुलाचा. "माझे आईवडील मंडळीत खूप मानाचे आहेत. पण घरात काय चालतं ते मला माहितीये. भांडणं, अबोला. असा विश्वास मी पुढे कशाला देऊ?"

आणि तिसरा, अगदी दोन ओळींचा. "मी घरातला पहिलाच विश्वासी. लग्न करेन असं वाटत नाही. मग मला वारस कोण?"

मी यावर बरेच दिवस विचार करत होतो. सल्ला देण्यापेक्षा तीन गोष्टी सांगतो. तिन्ही खऱ्या, तिन्ही आपल्याच भाषेतल्या.

पहिली गोष्ट: छापलेलं गेलं, गायलेलं राहिलं

१५७९ साली एक तरुण इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स. पुढची चाळीस वर्षं तो इथेच राहिला आणि इथेच वारला. तो मराठी शिकला, कोंकणी शिकला. नुसता कामापुरता शिकला नाही. त्याने मराठीत ओवीबद्ध महाकाव्य लिहिलं, 'ख्रिस्तपुराण'. जवळपास अकरा हजार ओव्या! ज्ञानेश्वरांचा आणि एकनाथांचा जो छंद, त्याच छंदात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा. त्यात मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती तर तुम्ही शाळेच्या पुस्तकातही वाचली असेल.

हे पुराण का लिहिलं गेलं, त्याचं कारण त्या काव्यातच आलंय. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक म्हणत होते, आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत. मग आम्ही वाचायचं काय, गायचं काय? त्या काळच्या गोव्यात धर्माच्या नावाने सक्ती झाली होती, हे मी झाकणार नाही. तो इतिहास आहे आणि तो आपण ख्रिस्ती लोकांनी प्रामाणिकपणे वाचलाच पाहिजे. पण त्या मागणीत एक फार खरी गोष्ट आहे. आठवड्याला एक प्रवचन ऐकून माणसाचं भागत नाही. घरी, ओसरीवर, रात्री बसून म्हणायला त्याला स्वतःच्या भाषेतलं काहीतरी लागतं.

१६१६ मध्ये हे पुराण गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं, रोमन लिपीत. नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. आता पुढचं ऐका. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर सापडलेली नाही. एकही नाही. त्यातच १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की स्थानिकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावं. म्हणजे ज्या भाषेत हे पुराण होतं तिच्यावरच बंदीची वेळ आली.

मग आज आपल्याकडे ख्रिस्तपुराण कसं आहे? लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं म्हणून. गोव्यात आणि पुढे मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत त्याच्या हस्तलिखित पोथ्या होत्या. देवळांत आणि घरांत लोक ते गात होते. बापाने उतरवलं, मुलाने वाचलं, पान फाटलं की पुन्हा उतरवलं. अशी अडीचशे वर्षं गेली. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सलढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं, आणि मग कुठे आपल्यासारख्या मराठी वाचकाच्या हातात ते सहज आलं.

त्या उतरवून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ते कवी नव्हते, धर्मगुरू असतीलच असंही नाही. दिवसभर शेतात किंवा धंद्यावर राबून रात्री दिव्याच्या उजेडात चार ओव्या उतरवणारी माणसं. त्यांना कोणी विचारलं असतं की तुम्ही वारसा जपताय का, तर ती हसली असती. म्हणाली असती, अहो, उद्या गायला पाहिजे म्हणून लिहितोय.

तर पहिला मेसेज पाठवणाऱ्या माझ्या बहिणी, तुझ्यासाठी हे आहे. तुला वाटतं की तुला लिपी येत नाही म्हणून साखळी तुटणार. पण ख्रिस्तपुराण तर रोमन लिपीतच छापलं होतं. आजीकडून एक गीत ऐक, तुला येईल त्या अक्षरांत लिहून घे, आणि तोंडपाठ कर. देवनागरी हळूहळू शिकशीलच, मन लावलंस तर एका उन्हाळ्यात येईल. पण गाणं आधी घे. गाणाऱ्या माणसाची वाट लिपी अडवत नाही. गाणं थांबलं की मात्र पुस्तक कपाटात पडून राहतं.

दुसरी गोष्ट: अर्धवट राहिलेलं काम आणि न झाकलेलं घर

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेत शिकलोय आपण. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, शाळेत कधी न गेलेली बाई. नवरा ख्रिस्ती झाला आणि तिच्यावर आभाळ कोसळलं. पदरात लहान मुलगा, दत्तू. कितीतरी वर्षं ते दोघं वेगळे राहिले.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या, पण त्यांच्या धर्मात लगेच नाही आल्या. आधी जातिभेदाबद्दल त्यांचा स्वतःचा विचार झाला, मनातल्या गाठी त्यांनी स्वतः सोडवल्या, आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मला ही पाच वर्षं फार महत्त्वाची वाटतात. विश्वास घाईने कोणाच्या गळ्यात घालता येत नाही, स्वतःच्या बायकोच्याही नाही.

टिळकांनी आयुष्यात बरंच काही उभं केलं. शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळेच ख्रिस्तभक्त जिथे एकत्र येतील अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक वारले. त्यांच्यामागे तो दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची भजनं आणि गीतं? ती आजही 'उपासना संगीत' उघडलं की पानापानावर भेटतात. अहिल्यानगर असो, सोलापूर असो की मुंबई, रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या मराठी मंडळीत टिळक गायले जात असतात. माणूस काय टिकेल याचा हिशेब करतो आणि टिकतं भलतंच.

टिळकांचं एक काम अर्धवट राहिलं होतं. येशूच्या जीवनावरचं ओवीबद्ध काव्य, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. ते हातात कोणी घेतलं? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने एकेकाळी या धर्मापायी घर मोडलेलं पाहिलं होतं, तिने नवऱ्याची अर्धी राहिलेली पोथी उचलली आणि पन्नासहून जास्त अध्याय लिहिले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. तेव्हाही शेवट राहिला होता. तो केला मुलाने, देवदत्त टिळकांनी. तोच तो दत्तू.

म्हणजे एकच काव्य, बापाने सुरू केलं, आईने वाढवलं, मुलाने पुरं केलं. आपल्याला वाटतं की वारसा म्हणजे काहीतरी पूर्ण करून, रंगरंगोटी करून, किल्ली मुलाच्या हातात ठेवायची. इथे उलट झालं. काम अर्धं होतं म्हणूनच पुढच्या माणसाला त्यात हात घालायला जागा मिळाली.

आणि आता दुसऱ्या मेसेजवाल्या भावाकडे येतो. घरातल्या भांडणांचं काय?

देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईला सांगितलं, तुझ्या आठवणी लिहून दे. त्यातून झालं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते भागांनी आलं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतात. लक्ष्मीबाईंनी त्यात टिळकांना संत करून नाही ठेवलं. त्यांचा तापट स्वभाव आहे, न सांगता निघून जाणं आहे, घरात पैसा टिकू न देणं आहे. तिचं स्वतःचं वेड, अज्ञान, राग, सगळं आहे. आणि हे सगळं सांगताना बाई चक्क हसवते! वाचता वाचता आपण हसतो आणि मग डोळे भरून येतात.

ख्रिस्ती घरातल्या बाईने स्वतःच्या घरातली भांडणं जगापुढे मांडली, तर विश्वासाचं नुकसान व्हायला हवं होतं ना? झालं उलटंच. ख्रिस्ती नसलेल्या हजारो मराठी घरांत हे पुस्तक पोहोचलं. कारण वाचणाऱ्याला कळलं की ही बाई खोटं सांगत नाहीये. आणि खोटं न सांगणारी बाई जेव्हा देवाबद्दल बोलते, तेव्हा माणूस थांबून ऐकतो.

भावा, तुझ्या घरात जे चालतं ते चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मारहाण होत असेल, कोणाला धोका असेल, तर गप्प बसू नकोस, मदत घे. पण रोजचं अपूर्ण घर असेल, तर तेवढ्याने दिलेला विश्वास खोटा ठरत नाही. मुलांना परिपूर्ण आईबाप लागत नाहीत. चुकल्यावर क्षमा मागणारे आईबाप लागतात. तू तुझ्या पुढच्या माणसाला गोष्ट सांगशील तेव्हा पूर्ण सांग. देवाने कुठल्या घरात काम केलं ते त्याला कळू दे.

तिसरी गोष्ट: रक्ताच्या नात्यापलीकडे

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बाईला संस्कृत शिकवायचं नाही अशा काळात त्यांनी आपल्या बायकोला शिकवलं, आणि त्या आईने रमाला. लोकांचा रोष पत्करून शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. पुढे लग्न झालं, दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच नवरा गेला. हातात एक तान्ही मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्याही आपल्या घरातल्या पहिल्याच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या पिढीचा विश्वासी म्हणजे रिकाम्या हाताने आलेला माणूस, असं नसतं. रमाबाईंचे वडील ख्रिस्ती नव्हते. पण मुलीला शिकवायचं धाडस, शब्दांवरचं प्रेम, पाठांतराची सवय, हे त्यांनीच दिलं. तेच पुढे कुठे कामाला आलं? रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचा सोप्या मराठीत अनुवाद केला. सामान्य, कमी शिकलेल्या बायकांना समजेल असा. अनेक वर्षं त्या हे काम करत होत्या. बापाने लावलेलं झाड, फळ भलत्याच अंगणात. तेव्हा तुमच्या आईवडिलांकडून जे चांगलं मिळालंय त्याचा मान ठेवा. विश्वासात आलो म्हणजे घरचं सगळं टाकून द्यायचं, असा याचा अर्थ नाही.

आता वारसाचा प्रश्न. रमाबाईंना वारस होती, मनोरमा. शिकलेली, कामात आईचा उजवा हात. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम ती पुढे नेणार असं सगळ्यांना वाटत होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या आधी. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या. सगळं तिथेच संपायला हवं होतं. त्यांनी काय केलं? अनुवादाचं राहिलेलं काम संपवलं. आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

शंभर वर्षं उलटून गेली. केडगावचं मुक्ती मिशन आजही आहे. तिथे आजही मुली आणि बायका आसरा घेतात, शिकतात. रक्ताचं वारस राहिलं नाही, पण १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी ज्या उपाशी मुलींना घरी आणलं होतं, त्यांना त्यांनी नुसतं जेवण दिलं नव्हतं. वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखान्यात काम शिकवलं. रमाबाईंचं बायबल छापलं गेलं तेही मुक्तीच्याच छापखान्यात. ज्या मुलीला कोणी वाली नव्हता तिचे हात त्या शास्त्राच्या छपाईला लागले. यापेक्षा मोठी वारसनोंद कुठली?

तर तिसऱ्या मेसेजवाल्या मित्रा, लग्न कर किंवा नको करू, तो तुझा आणि देवाचा प्रश्न. पण "मला वारस कोण" हा प्रश्न पडला की केडगाव आठव. पौलालासुद्धा मुलगा नव्हता. तुरुंगातून तो तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा लेकरू म्हणून हाक मारतो. आणि त्याच पत्रात आठवण करून देतो की तुझ्यातला हा विश्वास आधी तुझ्या आजीत होता, लोईसमध्ये, मग तुझ्या आईत, युनीकेमध्ये. तीमथ्याचे वडील ग्रीक होते, त्या विश्वासातले नव्हते. म्हणजे अर्धं घर सोबत नसताना एका आजीने आणि एका आईने दिलं, आणि मग नात्यात न बसणाऱ्या एका माणसाने ते पुढे वाढवलं. आजी, आई आणि परका. तिघांनाही जागा आहे.

मग आपण काय करायचं?

गोष्टी ऐकून छान वाटतं, आणि मग आपण पुढचा व्हिडिओ लावतो. म्हणून चार साधी कामं सांगतो. चारही जमली नाहीत तरी चालेल, एक करा.

एक. या महिन्यात घरातल्या किंवा मंडळीतल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा, पण आधी परवानगी घ्या. तीन प्रश्न विचारा. आपल्या घरात विश्वास कोणापासून आला? त्यासाठी काय सोसावं लागलं? आणि देवावरचा भरवसा कधी डळमळला होता? तिसरा प्रश्न सोडू नका. बरेचदा खरी गोष्ट तिथेच असते.

आमच्या मंडळीत एका जुन्या भजनाची मूळ चाल फक्त एका आजींना येत होती. बाकी सगळे नवीन चालीवर म्हणायचे. आम्ही तिघं जण एका शनिवारी त्यांच्याकडे गेलो. आजी म्हणाल्या, "माझा आवाज बसलाय रे, काय रेकॉर्ड करता!" मग चहा झाला, आणि त्यांनी डोळे मिटून सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा धरलं. आमच्यातली एक मुलगी त्यांच्यामागून म्हणू लागली. तासाभराने तिला चाल बसली. आजी म्हणाल्या, "आता मी गेले तरी चालेल." आम्ही म्हटलं, "आजी, अजून सहा भजनं राहिलीत." तर असं चाललंय आमचं. तीन झाली आहेत.

दोन. रेकॉर्डिंग नुसतं फोनमध्ये ठेवू नका. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, पासवर्ड तुमच्याबरोबर जातो. १६१६ सालच्या छापील प्रतींचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. जे महत्त्वाचं ते एका वहीत हाताने उतरवा. घरचं कुटुंबाचं बायबल असेल तर त्याच्या पहिल्या पानावर नावं, जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहिलेली असतात. तिथे तुमची ओळ घाला. तारीख टाका. एखाद्या दिवशी देवाने प्रार्थना ऐकली असं वाटलं तर समासात तेही लिहा. तीस वर्षांनी कोणीतरी ते पान उघडेल, आणि त्याला कळेल की आपल्या आधी इथून कोणीतरी चाललं होतं.

तीन. एक ठरावीक वेळ धरा. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय की मुलांशी देवाच्या गोष्टी बोला. कधी? घरी बसलेले असताना, रस्त्याने चालताना, झोपताना, उठताना. नीट बघा, यात रविवार सकाळचा उल्लेखच नाही! सगळ्या रोजच्या वेळा आहेत. रूममेटबरोबर जेवायच्या आधी दोन ओळींची प्रार्थना. भाच्याला गाडीवरून शाळेत सोडताना एक गीत. आईला रोज फोन करताच, मग शेवटी एक मिनिट एकत्र प्रार्थना. मुलं प्रवचन विसरतात. मामा गाडीवर काय गुणगुणायचा ते विसरत नाहीत.

चार. एखादं काम पूर्ण व्हायच्या आधीच दुसऱ्याच्या हातात द्या. तुम्ही संडेस्कूल घेत असाल तर पंधरा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं घेऊ द्या. ती चुकेल. तुम्ही शेजारी बसा. गिटार वाजवत असाल तर एकाला शिकवा, आणि मग त्याला पुढे बसवून तुम्ही मागे बसा. मंडळीत काही कामं एकाच माणसाकडे चाळीस-चाळीस वर्षं असतात. मग तो माणूस जातो आणि कपाटाची किल्लीसुद्धा कोणाला सापडत नाही.

एक शंका मला माहितीये, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असेल. हे सगळं करूनही पुढच्याने नाही म्हटलं तर? भाचा मोठा होऊन म्हणाला, मामा, मला हे पटत नाही, तर? तर त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. ऐकून घ्यायचं, आणि त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं. टिळकांच्या घरात पाच वर्षं लागली. काही घरांत पन्नास लागतात. आपल्या हातात देणं आहे. घेतलं की नाही याचा हिशेब आपल्या वहीत नसतो. जबरदस्तीने दिलेला विश्वास नुसता आडनावासारखा राहतो, आणि आडनाव तर आपल्याला आधीच मिळालेलं असतं.

आणि आणखी एक. ही साखळी म्हणजे जुन्या काळातलीच काही गोष्ट आहे असं समजू नका. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, आणि २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये तेही गेले. रायतूरपासून केडगावपर्यंत आणि केडगावपासून वसईपर्यंत कोणी ना कोणी उतरवून घेत आलंय. आता वही आपल्यापुढे आहे.

या आठवड्यात वरच्या चारपैकी तुम्ही कोणतं काम करताय ते मला मेसेजमध्ये सांगा. कोणाला आजीआजोबांचं गीत, त्यांच्या परवानगीने, ऐकवायचं असेल तर जरूर पाठवा, एखाद्या एपिसोडमध्ये आपण सगळे मिळून ऐकू.

नेहमीप्रमाणे छोट्या प्रार्थनेने थांबूया. गाडी चालवत असाल तर डोळे उघडेच ठेवा बरं का!

प्रभू, ज्यांनी आम्हांला तुझी ओळख करून दिली त्यांच्यासाठी तुझे आभार. त्यांतल्या कितीकांची नावंही आम्हांला ठाऊक नाहीत, तुला ठाऊक आहेत. जे ऐकत आहेत त्यांच्यापैकी कोणाला वाटत असेल की माझ्यापाशीच सगळं संपेल, त्याला आज एक माणूस दाखव, ज्याच्या हातात तो काहीतरी ठेवू शकेल. आमचं अर्धवट काम तुझ्या हाती आहे. आमेन.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. सलाम.